दोन इंची मॉर्टरला ट्रिगर का, आणि प्लाटूनला ती का लागते

भाऊ, तुमचे प्रश्न दोन: बटालियनकडे मोठी उखळी तोफ (मॉर्टर) असताना प्लाटूनने, म्हणजे तीसेक जवानांच्या तुकडीने, छोटी वेगळी का वागवायची, आणि मोठीत गोळा नुसता वरून सोडतात तर छोटीला ट्रिगर कशाला? दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश 2 इंची (नळीचं तोंड 2 इंचांचं) मॉर्टरवरून सांगतो. भारतीय पलटणींनीही तीच वापरली.

आधी ट्रिगर. बटालियनच्या मोठ्या 3 इंचीत नळीच्या तळाशी टोचणी पक्की बसवलेली असते. गोळा घसरत येतो, स्वतःच्या वजनाने त्याची कॅप (ठिणगी पाडणारी टोपी) टोचणीवर आदळते आणि बार उडतो. त्यासाठी नळी लांब आणि बरीच उभी हवी. 2 इंचीची नळी जेमतेम 53 सेंमी, स्फोटक गोळा 1 किलोचा. एवढ्याशा घसरणीत कॅप फुटेलच याची खात्री नाही. ट्रिगरमुळे ती अडचण गेली, आणि नळी जवळजवळ आडवी धरून खिडकीतूनही मारा करता येऊ लागला.

छोट्या बैठकीसह (नळीखालची लोखंडी पाटी) ही मॉर्टर 5 किलोच्या आत भरते. 3 इंची सुमारे 50 किलो, म्हणजे तीन जणांचं ओझं. वजनाची किंमत पल्ल्यात मोजावी लागते: सुमारे 450 मीटर, बस्स. पल्ला कमी-जास्त करायचा तो फक्त नळीच्या कोनाने. 45 अंशाला सर्वात लांब, नळी उभी करत जाल तसा जवळ. सुरुवातीला मोठी बैठक आणि नेम धरायची साइट होती. पुढे दोन्ही काढून नळीवर फक्त एक पांढरी रेघ ठेवली. दिशा त्या रेघेवर, अंतर नजरेच्या अंदाजावर, आणि पहिला गोळा कुठे पडला ते बघून दुरुस्ती.

तापीकाठच्या घळी तुम्ही पाहिल्याच असतील. तशा घळीत बसलेल्या माणसावरून रायफलची गोळी निघून जाते, मॉर्टरचा गोळा मात्र वरून उतरतो. तरी माझ्या मते या हत्याराचं खरं मोल स्फोटात नाही, धुरात आहे. सेक्शनला (प्लाटूनमधल्या छोट्या गटाला) उघडं रान ओलांडायचं असेल तेव्हा मोठ्या तोफेकडे निरोप जाऊन मारा येईपर्यंत वेळ जातो; ही प्लाटून कमांडरच्या हाताशी असते. धुराचा गोळा शत्रूच्या डोक्यावर टाकायचा नसतो. वारा जिकडून येतो त्या बाजूला टाकायचा, म्हणजे पडदा वाहत मध्ये येतो. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या दुपारी तापलेल्या जमिनीवर धूर वर उचलला जातो आणि पडदा फाटतो. पहाटे तोच धूर जमिनीलगत रेंगाळतो.

चुका बहुतेक जमिनीपासून सुरू होतात. ओल्या काळ्या मातीत प्रत्येक बाराला बैठक रुतते, कोन बदलतो, पुढचा गोळा भलतीकडे. खडकावर तीच बैठक सरकते. वर बाभळीची फांदी असेल तर गोळा तिथेच फुटू शकतो, म्हणून डोक्यावरचं आभाळ मोकळं आहे का ते आधी बघतात. गोळ्याला ढकलणारं काडतूस ओलसर झालं तर गोळा आखूड पडतो, आणि पुढे आपलीच माणसं असतात. बार उडालाच नाही तर नळीत डोकावायचं नाही, हा नियम कोणासाठीही मोडत नाहीत.

शेवटी सगळं गोळ्यांच्या ओझ्यावर येऊन थांबतं. बारा स्फोटक गोळे म्हणजे 12 किलो, आणि मिनिटाला 8 च्या वेगाने मारले तर दीड मिनिटात संपले. त्यामुळे धुराचे किती आणि स्फोटक किती उचलायचे, हे कमांडरला निघण्याआधीच ठरवावं लागतं.