आधी कालचा दिवस विचार

सांगली

प्रिय मुली,

तासगावच्या दवाखान्यात मधुमेहाच्या पेशंटना आहाराचा सल्ला द्यायला बसणार म्हणतेस, छान झालं. सोबत पाठवलेला त्यांच्या खाण्याचा चार्टही पाहिला. नीटनेटका आहे. सकाळी ओट्स, अकराला सफरचंद, संध्याकाळी ग्रीन टी, रात्री सूप. एवढंच की त्यातलं काही तासगावच्या स्वयंपाकघरात शिजत नाही. तो कागद घडी होऊन पाकिटात जाईल आणि पुढच्या रिपोर्टपर्यंत तिथंच राहील.

पेशंट समोर बसला की 'काय खाता?' असं विचारू नकोस. उत्तर ठरलेलं असतं: 'काय नाही मॅडम, साधंच. भाजी-भाकरी.' त्यापेक्षा काल उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं, ते विचार. मग हळूहळू चहा बाहेर पडतो. उठल्या उठल्या एक, न्याहारीला एक, रानात एक, दुपारी झोपून उठल्यावर एक, पाहुणा आला म्हणून एक. कपाला दोन चमचे धरले तर ५० ग्रॅम साखर नुसत्या चहातून गेली, आणि चहाला कुणी खाण्यात धरतच नाही. चहा सोडा म्हणालीस तर माणूस परत यायचा नाही. कप लहान करायला सांग, साखर पंधरवड्याला अर्धा चमचा उतरवायला सांग. जिभेला तेवढ्यात सवय होते.

पहिला वाद गुळावर होणार, तयारी ठेव. सांगली गुळाची पेठ, 'साखर सोडली, आता गुळाचा घेते' हे तुला रोज ऐकायला मिळेल. गुळात थोडी खनिजं असतात, पण बाकी बहुतेक सगळी साखरच. काकवीचं तेच, उसाच्या रसाचंही तेच. आणि तुझ्या गावात बेदाणा! १०० ग्रॅम बेदाण्यात ६० ग्रॅमच्या आसपास साखर असते, आणि बागायतदार शेडवर उभ्या उभ्या मूठ तोंडात टाकतो. 'घरचाच आहे हो' म्हणेल. घरचा असल्यानं साखर कमी होत नाही, हे हसत सांग, पण सांग.

भाकरीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथं आपलेच आहारतज्ज्ञ घोटाळा करतात. 'गहू बंद, ज्वारी चालू' एवढं सांगून मोकळे होतात. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ६८ ग्रॅम कर्बोदकं असतात आणि न चाळलेल्या कणकेत ६४. म्हणजे ज्वारी चांगली, पण तिच्या नावावर चार भाकरी खपवता येणार नाहीत. शिवाय पुस्तकातली भाकरी आणि इकडची ताटभर थापलेली भाकरी यांत फार अंतर आहे. एका भाकरीचं पीठ घरी एकदा तोलून बघायला सांग. आणि हे सांगताना पेशंटबरोबर आलेल्या, बाहेर बाकावर बसलेल्या बाईला आत बोलव. भाकरी ती थापते. निर्णय तिच्या परातीत होतो, तुझ्या केबिनमध्ये नाही.

भाकरी कमी केली तर पोट कशानं भरायचं, याचं उत्तर तुझ्याकडं हवं. नुसतं 'कमी खा' म्हणणं हा सल्ला नव्हे. आपल्याकडं आमटीत डाळ शोधावी लागते, रस्सा वाटीभर आणि मटकी तळाला. ते उलटं करायला लाव. मटकी, हुलगा, चवळी, साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा; वाळलेल्या घेवड्यात १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि भरपूर चोथा (फायबर) असतो. जोडीला अंडं, दही, मेथी-शेपूची भाजी, कांदा, काकडी. आधी उसळ-भाजी संपवून मग भाकरीला हात घातला तर जेवणानंतरची शुगर कमी चढते. जेवून दहा-पंधरा मिनिटं चाललं तर आणखी कमी. याला पैसे लागत नाहीत, म्हणून लोकांना ते औषध वाटत नाही.

इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे इन्सुलिन असूनही शरीर त्याला दाद देत नाही ते, समजावताना 'कुलूप-किल्ली' सांगत बसू नकोस. समोर ऊसवाला असेल तर त्याला रानाचं सांग. रान आधीच चिबड, म्हणजे पाण्यानं तुंबलेलं असेल तर वरून दिलेलं पाणी मुरत नाही, मोटार मात्र रात्रंदिवस चालते आणि एक दिवस जळते. यकृत आणि स्नायू चरबीनं असेच भरलेले असतात, साखर आत घेत नाहीत आणि स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन सोडत दमतं. रान वाफशावर, म्हणजे बेताच्या ओलीवर आणायचं असेल तर आधी पाणी तोडावं लागतं, हे त्याला तुझ्यापेक्षा चांगलं कळतं.

'मी एवढा बारीक, मला कशी शुगर?' असंही विचारतील. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हेच दाखवलंय, की आपली माणसं दिसायला सडपातळ असली तरी आत चरबी जास्त असते. म्हणून वजनाबरोबर टेपही वापर. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर, बाईची ८० च्या वर, म्हणजे बोलायला हवं. तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणाऱ्या तपासणीत (HbA1c) ५.७ ते ६.४ टक्के आलेल्यांना 'अजून काही नाही' म्हणून परत पाठवू नकोस. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासात अशा सीमेवरच्या लोकांत नुसतं खाणं-चालणं बदलून मधुमेह होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी घटलं होतं.

आता गोळ्या. हे मी मुद्दाम कडक लिहिते. जेवण कमी करायला सांगण्याआधी डॉक्टरांचा कागद बघ. ग्लिमेपिराइड (इन्सुलिन जास्त सोडायला लावणारी गोळी) किंवा इन्सुलिन चालू असेल आणि तू भाकऱ्या निम्म्या केल्यास, तर शुगर ७० च्या खाली जाऊन माणूस रानात आडवा होईल. घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी ही लक्षणं घरच्यांना पाठ करून दे. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. डापाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी चालू असेल तर उपास किंवा धान्य एकदम बंद करणं आणखी धोक्याचं, शुगर फार चढलेली नसतानाही रक्तात आम्ल वाढू शकतं. उपासाच्या आधी डोस कसा करायचा हे डॉक्टरांनाच ठरवू दे.

आणि उपास म्हणजे इकडं साबुदाणा. तो जवळजवळ नुसता स्टार्च, प्रथिनं नावाला. एकादशी मोडा म्हणू नकोस, तो तुझा विषय नाही. थोडी भगर, दाण्याची आमटी, दही, ताक असं सुचव. खिचडी हवीच असेल तर वाटीभर, आणि ती दिवसातून एकदाच.

'शुगर मुळापासून बरी' अशा जाहिराती बसस्टँडच्या भिंतीवरच आहेत, विचारतील. खोटी आशा देऊ नकोस, खरी मारूही नकोस. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' नावाच्या अभ्यासात, निदान होऊन सहा वर्षांच्या आतल्या लोकांत, आहारानं वजन उतरवून वर्षभरात ४६ टक्के जणांची शुगर गोळ्यांशिवाय काबूत आली. दोन वर्षांनी ते ३६ टक्क्यांवर आलं. वजन परतलं की शुगरही परतते. वीस वर्षांच्या जुन्या, इन्सुलिनवरच्या पेशंटला हा हिशेब लावू नकोस.

एक राहिलं. माळकरी पेशंट बरीच वर्षं मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीवर असेल आणि पाय बधिर होतात म्हणत असेल, तर सगळं शुगरवर ढकलू नकोस. मांस-अंडं नाही आणि त्यात ही गोळी बी-१२ जीवनसत्त्व कमी करते. डॉक्टरांना त्याची तपासणी लिहायला सांग, आणि घरात दूधदुभतं असूनही तो दही-ताक घेतो की सगळं डेअरीला जातं, तेही विचार.

तुझी मॅडम