डेटाबेस हलवताना कोलेशनचा घोळ, तुमचे प्रश्न

उधारीचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर मायएसक्यूएल ८ या डेटाबेसवर होतं. दुकानातल्या जुन्या पीसीवर मारियाडीबी हा दुसरा डेटाबेस टाकला, बॅकअप चढवला तर ‘अननोन कोलेशन’ म्हणून थांबते. डेटा गेला का? (कृषी केंद्र, दारव्हा)

भाऊ, डेटा कुठंच गेला नाही. कोलेशन म्हणजे अक्षरं कोणत्या क्रमानं लावायची न कोणती सारखी धरायची याचा नियम, अन् मायएसक्यूएल ८ चा डिफॉल्ट नियम, ‘यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय’, जुन्या मारियाडीबीला माहीतच नाही. बॅकअपची एक कॉपी बाजूला ठेवा, दुसरीत त्या नावाच्या जागी सगळीकडे ‘यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय’ टाका न पुन्हा चढवा. फक्त एक पाहा, ०९०० वाला शेवटचा स्पेस मोजतो न युनिकोड_सीआय मोजत नाही, म्हणजे ‘बंडू’ न मागं स्पेस पडलेला ‘बंडू’ हे आधी दोन खातेदार होते ते आता एकच धरल्या जातात, अन् युनिक की (एकच नाव दोनदा घेऊ नये असा नियम) असली तर ‘डुप्लिकेट एंट्री’ म्हणून इम्पोर्ट अडकते. असे स्पेस लॅपटॉपवरच आधी साफ करा.

शाळेच्या साइटवर पालकांचा मेसेज इमोजीपाशी तुटतो, मराठी मात्र बरोबर दिसते. (शिक्षिका, चिमूर तालुका)

ताई, मायएसक्यूएलचं जुनं ‘यूटीएफ८’ एका अक्षराला ३ बाइटच देते. देवनागरी अक्षर तेवढ्यात बसते, बहुतेक इमोजींना ४ लागतात. टेबल ‘यूटीएफ८एमबी४’ मध्ये कन्व्हर्ट करा न कनेक्शनच्या सेटिंगमध्येही तेच टाका. तुटून गेलेला मजकूर मात्र परत येत नाही.

वाचनालयाचा कॅटलॉग पोस्टग्रेस डेटाबेसवर आहे, डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात चालवायची सोय). त्याची इमेज, म्हणजे तयार पॅकेज, अपडेट केल्यापासून लॉगमध्ये ‘कोलेशन व्हर्जन मिसमॅच’ येते. चालते तर आहे, दुर्लक्ष करू का? (मोर्शी)

नका करू, हात जोडून सांगतो. पोस्टग्रेस अक्षरांचा क्रम बहुतेक वेळा लिनक्सच्या ग्लिबसीला (सिस्टमच्या मूळ कोडचा एक भाग) विचारते, अन् इमेजसोबत ग्लिबसी बदललं. तुमचा इंडेक्स (नोंद चटकन शोधायची सूची) जुन्या क्रमानं लावलेला, शोधणारा नव्या क्रमानं पाहते. कार्ड ड्रॉवरमध्येच असते पण हाती लागत नाही. २०१८ मध्ये ग्लिबसी २.२८ आलं तेव्हा क्रम लय बदलला होता. नंतर मी एका पतसंस्थेचा सर्व्हर डेबियन लिनक्स ९ वरून १० वर नेला न चार दिवसांनी फोन आला, सभासद यादीत दिसतो पण नावानं शोधला की शून्य. त्याहून वाईट म्हणजे बिघडलेल्या युनिक इंडेक्सनं तोच सभासद दुसऱ्यांदा भरूनही घेतला.

आधी डम्प (सगळ्या डेटाची कॉपी) घ्या. मग कोणी वापरत नसताना, लाइन जाण्याचा टाइम टाळून, ‘रीइंडेक्स डेटाबेस’ चालवा. डुप्लिकेट सापडून अडलं तर त्या नोंदी एक करा न पुन्हा चालवा. ते पूर्ण झाल्यावरच ‘ऑल्टर डेटाबेस’ची ‘रिफ्रेश कोलेशन व्हर्जन’ कमांड द्या. बरेच जण नुसती ही दुसरीच देतात, वॉर्निंग जाते न बिघाड तिथंच राहते. अल्पाइन लिनक्सच्या इमेजवरून डेबियनच्या इमेजवर तोच डेटा फोल्डर लावाल तरी हेच होते. डम्प काढून नव्या डेटाबेसमध्ये चढवला तर इंडेक्स नव्यानंच बनते, मला तोच रस्ता जास्त भरवशाचा वाटते.

त्याच कॅटलॉगमध्ये ‘वऱ्हाडे’ नावाचे दोन वाचक आहेत, माणूस एकच. युनिक लावलं होतं तरी! (मोर्शी)

हे कोलेशन बदलल्यानं नाही झालं. ‘ऱ’ एका कोडनं टाइप होते, ‘र’ला नुक्ता (खालचा टिंब) देऊन होते, अन् काही कीबोर्ड ‘र’, हलन्त अन् वरून एक अदृश्य जॉइनर (जोडचिन्ह) टाकतात. डोळ्याला तिन्ही सारखे, पण पोस्टग्रेस साधारणपणे बाइटला बाइट लावून पाहते, म्हणून त्याला तीन वेगळी नावं. पोस्टग्रेस १३ पासून ‘नॉर्मलाइज’ फंक्शन आहे, ते नुक्तावाला ‘ऱ’ एका कोडचा करते, जॉइनरवाल्याला हात लावत नाही. त्याच्यासाठी ‘रिप्लेस’ वापरा, ‘र’, हलन्त, जॉइनर यांच्या जागी ‘ऱ’ न हलन्त. जॉइनर सरसकट उडवू नका बरं, नाहीतर वऱ्हाडेचा ‘वर्हाडे’ होते. हीच दुरुस्ती नोंद भरायच्या फॉर्ममध्येही लावा, दुसऱ्या मोबाइलवरून पुन्हा तसंच टाइप होऊन येणारच आहे.