अंडाशयाच्या निरोगी आणि कॅन्सरच्या पेशींत जनुकांच्या कामात नेमका काय फरक असतो?

जनुकं दोन्हीकडे जवळपास तीच असतात. कोणतं किती जोरात चालतंय आणि कोणतं बंद पडलंय, इथे मोठा फरक पडतो. सर्वाधिक आढळणाऱ्या हाय-ग्रेड सीरस या झपाट्याने वाढणाऱ्या कॅन्सरच्या प्रकारात पेशीविभाजनाला लगाम घालणारं टीपी५३ हे जनुक जवळपास प्रत्येक गाठीत बिघडलेलं असतं. मग त्याच्या हुकमावर चालणारं, विभाजन रोखणारं पी२१ हे जनुक थंडावतं आणि विभाजनाची जनुकं मोकाट सुटतात. डीएनएची दुरुस्ती करणारं बीआरसीए१ मात्र काही गाठींत न बिघडताच गप्प होतं: त्याच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल गट (छोट्या रासायनिक खुणा) चिकटतात आणि त्याचं वाचनच थांबतं.

एचई४ आणि सीए-१२५ या प्रथिनांची जनुकं उलट जोरात चालतात, म्हणून ही प्रथिनं रक्तात मोजतात. सीए-१२५ एंडोमेट्रिओसिसमध्येही (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा, कॅन्सर नसलेला आजार) वाढतं, तेव्हा एकट्या आकड्यावरून कृपया घाबरू नका.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की तुलना कशाशी करताय? हाय-ग्रेड सीरस प्रकार बहुतेकदा गर्भनलिकेच्या टोकाकडच्या पेशींत सुरू होतो. अंडाशयाच्या पृष्ठभागावरच्या पेशींशी तुलना केली तर पीएएक्स८ हे जनुक खूप वाढलेलं दिसतं. पण गर्भनलिकेच्या निरोगी स्रावी (स्राव तयार करणाऱ्या) पेशींत ते मुळातच चालू असतं.