एक पान वाचलं की एक बिस्कीट?

"मॅडम, शाळेचा अभ्यास कसाबसा करतोय, पण गोष्टीचं पुस्तक हातात धरायला तयार नाही. काय आमिष दाखवायचं सांगा की." बेळगाव, खानापूर, निपाणीकडून येणाऱ्या आयांकडून हा प्रश्न मी वर्षभर ऐकते. त्याला आपल्या भागाची एक वेगळी काळजीही चिकटलेली असते. घरात मराठी, शाळा इंग्रजी माध्यमाची, तिथं कन्नड आणि हिंदी. मराठी वाचायची वेळ शाळेत येतच नाही. मग घरच्यांना वाटतं, आता नाही वाचलं तर पोराचं मराठी वाचन कायमचं सुटलं. ही भीती खोटी नाही. पण ती मुलाच्या मानेवर ठेवली की पुस्तक उघडायच्या आधीच त्याला जड होतं.

वडगावातल्या एका घरची हकिकत सांगते. घरच्यांनी लिहायला परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावं मुद्दाम घेत नाही. वडील यंत्रमागावर, आई घरी शिवणकाम करते, सोबत आज्जी. मुलगा चौथीत. उचगावच्या साहित्य संमेलनातल्या पुस्तकांच्या स्टॉलवर आईनं हौसेनं चार पुस्तकं घेतली होती, ती कपाटात तशीच होती. मग तिनं एक युक्ती काढली. एक पान वाचलं की क्रीमचं एक बिस्कीट. पहिल्या आठवड्यात पुस्तकं भराभर उलटली गेली. पुढं तिच्या लक्षात आलं की मुलगा जास्त चित्रं आणि कमी ओळी असलेली पानंच निवडतोय. नंतर तो घासाघीस करायला लागला, "हे पान मोठं आहे, याला दोन." आणि ज्या दिवशी डबा रिकामा, त्या दिवशी वाचन बंद.

"आता बिस्कीट पण गेलं आणि पुस्तक पण गेलं," ती म्हणाली. फार रडवेली झाली होती.

आधी मी मुलाला माझ्यासमोर वाचायला लावलं. अक्षरओळख चांगली होती, जोडाक्षरापाशी अडखळत होता. मी गोष्ट वाचून दाखवली, तर नंतर ती त्यानं मला क्रमानं आणि स्वतःची भर घालून सांगितली. म्हणजे गोष्ट त्याला हवी होती, समजतही होती. हे तपासणं मी कधीच टाळत नाही. मूल वारंवार ओळ चुकत असेल, मिळतीजुळती अक्षरं सतत उलटसुलट करत असेल, वयाच्या मानानं सोपे शब्दही फोडून फोडून वाचत असेल, तर त्याला आळशी म्हणू नये. आधी डोळे तपासावेत आणि मग वाचन-अक्षमतेची रीतसर तपासणी करून घ्यावी. तिथं खाऊ, बक्षीस, रागावणं, कशाचाच उपयोग नसतो. या मुलाच्या बाबतीत तसं दिसलं नाही. तरी डोळे दाखवून घ्या, असं सांगितलंच.

आता बिस्किटाबद्दल. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निसबेट या मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रं काढायला आवडणारी मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर फीत लावलेलं छान प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी पुन्हा पाहिलं, तर बक्षीस आधी कबूल केलेल्या मुलांचा चित्रांवरचा वेळ बाकीच्यांच्या मानानं जवळपास निम्मा होता. बक्षीस ठरलं की आवडीचं काम मजुरीचं होतं. आमच्या या मुलालाही आज्जीच्या गोष्टींचं वेड होतं. त्या आवडीलाच पानामागं दर लावला गेला होता.

आईला वाटलं, मी आता खाऊ पूर्ण बंद करायला सांगणार. मी उलट सांगितलं, "ताई, खाऊ राहू दे. फक्त तो पुस्तकाच्या बाहेरून आणू नका, पुस्तकाच्या आतून येऊ दे."

तिनं आणलेल्या पुस्तकांत 'एलिस इन वंडरलँड'चं मराठी रूप होतं. मला बरंच वाटलं, कारण या गोष्टीत खाणं नुसतं तोंडी लावायला नाही, खाण्यामुळंच गोष्ट पुढं सरकते. ऑक्सफर्डमध्ये गणित शिकवणाऱ्या लुईस कॅरोलनं १८६२ च्या जुलैत, नदीवर होडीतून जाताना तीन बहिणींना ती तोंडी सांगितली आणि १८६५ मध्ये तिचं पुस्तक झालं. एलिस सशामागं बिळात पडते, बाटलीतलं पिऊन जेमतेम दहा इंचांची होते, मग टेबलाखालच्या काचेच्या पेटीत तिला छोटा केक सापडतो. त्यावर मनुक्यांनी लिहिलेलं असतं, 'मला खा'. ती खाते आणि वाढत वाढत नऊ फुटांच्या वर जाते. पाय इतके लांब जातात, की त्यांना दर नाताळाला नवे बूट पाठवावेत का, याचा ती विचार करते.

मी आईला दोन गोष्टी सांगितल्या. पहिला भाग तिनं स्वतः मोठ्यानं वाचायचा आणि केक सापडतो तिथं थांबायचं. दुसऱ्या दिवशी तीच वस्तू घरी करायची, आणि तिची कृती मात्र मुलानं वाचायची. किती पानं झाली, हे कुणीच विचारायचं नाही. वाचलं नाही तरी बिस्कीट मिळणार.

हे शेवटचं वाक्य वडिलांना पटेना. "मग तो वाचेल कशाला?" त्यांचा प्रश्न रास्त होता. मी त्यांना म्हटलं, शनिवारपर्यंत थांबून बघा.

घरात ओव्हन नव्हता, म्हणून केकऐवजी नानकटाई ठरली. इथं आज्जी मदतीला आली. पूर्वी मे महिन्यात पीठ, तूप, साखर डब्यात भरून बेकरीत न्यायचं, नंबर लावून बसायचं आणि भाजलेली नानकटाई पत्र्याच्या डब्यातून घरी आणायची, हे आपल्याकडच्या बऱ्याच आज्ज्यांना आठवतं. तिनं तोंडी प्रमाण सांगितलं, आईनं ते मोठ्या अक्षरात एका कागदावर उतरवलं. थिजलेलं तूप १०० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, मैदा १२५ ग्रॅम, बेसन २५, बारीक रवा २५, चिमूटभर बेकिंग पावडर, वेलदोड्याची पूड. तूप आणि साखर पांढरी, हलकी होईपर्यंत फेसायची, मग पिठं मिसळून छोटे गोळे करायचे. जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून वर स्टँड ठेवायचा, झाकून दहा मिनिटं तापवायची, मग ताटली ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. गॅसजवळ मोठ्या माणसानंच राहायचं. आणि बाहेर काढल्यावर मऊ लागली तरी परत भाजायला घालायची नाही, गार झाली की ती खुसखुशीत होते.

मुलानं कागद ओट्याला टेकवून उभा केला. 'थिजलेलं' हा शब्द तो वाचून पुढं गेला. आईनं घाईत पातळ तूप काढलं होतं. फेसताना काही पांढरं होईना, तेव्हा त्यानं परत कागदाकडं पाहिलं, बोट ठेवून तीच ओळ पुन्हा वाचली आणि म्हणाला, "आई, हे थिजलेलं कुठाय? हे तर पळायलंय." तूप परत फ्रीजमध्ये गेलं. मला विचाराल तर त्या सगळ्या प्रकरणात मोलाचं घडलं ते हेच. कुणी सांगितलं नसताना मूल एक ओळ दुसऱ्यांदा वाचतं, कारण तिच्यावर काहीतरी अवलंबून आहे.

मनुक्यांनी अक्षरं काढायला तो बराच वेळ बसला. एका नानकटाईवर एकच अक्षर मावत होतं, म्हणून तीन नानकटाया ओळीनं मांडल्या. मनुके नुसते वर ठेवले तर करपतात, म्हणून आज्जीनं ते दाबून बसवायला लावले. कढई झाकल्यावर भाजेपर्यंत करायचं काय? पुस्तक तिथंच होतं. पुढं एलिसचं काय झालं ते आईनं वाचायला घेतलं, पण मध्येच शिवणाचं गिऱ्हाईक आलं आणि ती उठली. ती परत आली तेव्हा मुलगा आज्जीला बुटांचा भाग वाचून दाखवत होता, जोडाक्षरावर थांबत थांबत.

एवढ्यावर सगळं सुरळीत झालं, असं मी म्हणणार नाही. मधल्या भागात त्याचा रस गेला. वेड्या चहापार्टीतली बोलणी त्याला कळेनात, म्हणून आईनं ती पानं सोडून दिली. सोडू द्यावीत. पण शेवटी राजाच्या दरबारात खटला चालतो, पक्वान्नं कुणी चोरली म्हणून. स्वयंपाकिणीला विचारतात, यात काय असतं? ती म्हणते, मुख्यतः मिरी. मागून कुणीतरी म्हणतं, काकवी. मुलानं हट्टच धरला की पुढची नानकटाई मिरी आणि काकवीची. आज्जी म्हणाली, असलं कुठं असतंय होय? त्यानं पुस्तक आणून ओळ दाखवली. काकवीचं प्रमाण चुकून पीठ सैल झालं, आज्जीनं मैदा वाढवला. झाली ती कडक आणि तिखटगोड. मला डब्यातून आणून दिली, मला तरी आवडली.

"मग दर आठवड्याला तूप-साखर करत बसू काय?" असं आईनं विचारलं होतं. नाही. महिन्यातून एक-दोनदा पुरे, आणि प्रत्येक पुस्तकाला खाऊ हवाच असंही नाही. गोष्टीत नकाशा असेल तर नकाशा काढा, पतंग असेल तर पतंग करा. अट एकच, ते गोष्टीतूनच आलेलं असावं आणि वाचण्याच्या बदल्यात दिलेलं नसावं.

अजून तो सलग तासभर वाचत बसत नाही. पंधरा-वीस मिनिटं बसतो, तीही रोज नाही. जोडाक्षरांसाठी मी आज्जीला रोज थोडा वेळ त्याच्याबरोबर आळीपाळीनं एकेक परिच्छेद वाचायला सांगितलं आहे. वार्षिक परीक्षेनंतर पुन्हा वाचून घेऊ, आणि तेव्हाही तो तिथंच अडखळत असला तर तपासणीला पाठवू, असं घरच्यांशी बोलून ठेवलं आहे.