‘पोरगं उलटं बोलालंय’

“मॅडम, तुमच्या गटात यायला लागल्यापासून पोरगं उलटं बोलालंय.” समोर बसलेल्या आई सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरात तेलुगू, बाहेर मराठी; विड्या वळून घर चालवणाऱ्या. मुलगा चोविशीतला, बौद्धिक दिव्यांग, एका कार्यशाळेत टॉवेलच्या घड्या घालून पॅकिंग करतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

उलटं म्हणजे काय, तर त्यानं विचारलं होतं, “माझे पैसे कुठंयत?” महिन्याचं मानधन आजवर थेट आईच्या हातात जायचं. त्यात भर म्हणजे दिव्यांग मुलामुलींच्या आमच्या गटानं पालकसभेत बोलायला त्यालाच निवडलं होतं. “पन्नासची नि पाचशेची नोट ओळखत नाही हो. कुणीपण फसवेल. आणि चार लोकांत अडखळला की हसतील.”

ही काळजी मला जवळजवळ प्रत्येक पालकाकडून ऐकू येते, आणि ती खोटी नाही. लोक फसवतात, हसतातही. पण मी आईंना एवढंच विचारलं, की कुणी फसवलं तर हा घरी येऊन सांगेल का? त्या गप्प झाल्या. ज्याला घरात ‘नको’ म्हणायची सवय नाही, तो बाहेर कुणी अंगाला हात लावला तरी ‘नको’ म्हणत नाही. गप्प राहणारं मूल सुरक्षित असतं, हा समज मला सगळ्यात घातक वाटतो.

पालकसभेत मांडायचं होतं ते मुलांनीच ठरवलेलं. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या, जत्रेला आम्हाला दोरी धरून रांगेत नेऊ नका, दोघादोघांच्या जोडीनं फिरू द्या. आणि थोडे तरी पैसे आमच्या हातात द्या. तयारी साधी होती. एका मुद्द्याला एक चित्र, एका चित्राला एकच वाक्य. मदतनीस मागच्या खुर्चीवर, कानात कुजबुजायचं नाही. तो थांबला तर सगळ्यांनी थांबायचं. हे शेवटचं मोठ्यांना फार जड जातं. वाक्य पुरं करून द्यायची आपल्याला भारी घाई.

त्याचं पुढारपण मला दिसलं ते मात्र सभेच्या आधी. गटात सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा कमी असणं) असलेली एक मुलगी आहे, ती बोलत नाही. हा तिच्यासमोर चित्रं मांडून बसला आणि तिनं जत्रेतल्या पाळण्याच्या चित्राकडे बोट नेईपर्यंत हलला नाही. मग सभेत म्हणाला, “हिला पाळण्यात बसायचंय.” अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये १९७४ साली बौद्धिक दिव्यांग मंडळींनी स्वतःची संघटना उभारून परिषद भरवली होती, तेव्हा मुलांनी स्वतः बोलावं हे माझं खूळ नव्हे!

आईंना एका नातेवाइकानं सुचवलं होतं, ‘पालकत्वाचा कागद करून घे, म्हणजे सगळं तुझ्या हातात.’ अठरा पूर्ण झाली की मुलगा कायद्यानं सज्ञान. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक, म्हणजे त्याच्या वतीनं निर्णय घेणारी व्यक्ती, नेमू शकते. पण पालकाची गरज आहे का आणि कोणत्या कामासाठी, हे समितीनं आधी पाहायचं असतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तर मर्यादित पालकत्वच सांगितलंय: ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक मुदतीपुरतं, पालक आणि दिव्यांग व्यक्ती दोघांनी मिळून आणि त्या व्यक्तीच्या इच्छेप्रमाणे. एखादं काम खरंच अडलं तर अर्ज जरूर करा, असंच मी म्हटलं. पण कागद झाला म्हणून त्याला विचारणं थांबवायचं नाही.

सभेत एक-दोघं हसले, हेही सांगायला हवं. जोड्यांना मंजुरी मिळाली, प्रत्येक जोडीमागे एक स्वयंसेवक ठेवून. पैशांचं अर्धवटच झालं: महिन्याला शंभर रुपये हातात, दहादहाच्या नोटांत. गड्ड्यावर त्यानं वीसची पिपाणी पन्नासला घेतली. आई म्हणाल्या, “बघा!” मी म्हटलं, जत्रेत आपण तरी कुठं योग्य भावानं घेतो? त्या हसल्या, पण पटलं असं नाही. सिटी बसनं एकट्यानं जाण्याला त्यांचा अजून नकार आहे. तूर्त तो शेजारच्या मित्राबरोबर जातो, तिकिटाचे पैसे स्वतः देतो. दुकानदार ‘याला काय हवं?’ असं आईंना विचारतो, तेव्हा त्या आता म्हणतात, “त्यालाच विचारा की.”