निपाणीत राहतो, गे आहे. ओळखीचं कोणी बघेल म्हणून सरकारी दवाखान्यात जात नाही. आपल्यातलाच कार्यकर्ता एचआयव्ही तपासतो म्हणे, ते खरं धरायचं का?

हो, बिनधास्त करून घ्या. प्रशिक्षण घेतलेला कार्यकर्ता बोटाच्या टोकाला सुई टोचतो, रक्ताचा थेंब किटवर टाकतो आणि साधारण अर्ध्या तासात निकाल सांगतो. समोर बसलेला माणूस स्वतः गे किंवा ट्रान्स असतो, म्हणून 'लग्न झालंय का' अशा चौकशा होत नाहीत. माझ्या मते खरा फरक तिथेच पडतो. सौंदत्ती भागातल्या जोगप्पांनाही, म्हणजे यल्लम्माला वाहिलेल्या ट्रान्स भक्तांनाही, असंच आपलं माणूस लागतं.

मात्र ही प्राथमिक तपासणी आहे. किटवर पॉझिटिव्ह दिसलं म्हणजे एचआयव्ही पक्का झाला असं नाही. पक्कं निदान सरकारी आयसीटीसी केंद्रात, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणीच्या केंद्रात होतं. तिथे एकटं जाऊ नका, कार्यकर्त्याला सोबत घ्या. निपाणीत नको असेल तर बेळगाव किंवा कोल्हापूर गाठा, तपासणी फुकटच आहे. कागद कन्नडमध्ये असेल तर समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल घरच्यांनाही परस्पर सांगता येत नाही.

संबंध नुकताच आला असेल तर निगेटिव्ह निकालावर विसंबू नका, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. आणि 72 तास उलटले नसतील तर आजच दवाखान्यात जाऊन पीईपी, म्हणजे संबंधानंतर एचआयव्हीची लागण टाळण्याच्या गोळ्या मागा.

कार्यकर्ता कुठे भेटेल हे 1097 वर विचारा, फोन फुकट लागतो.