पहाटे साडेपाचला कोण कोण जागं असणार?

मी मानसिक समुपदेशन करते. दिवाळी संपली की माझ्याकडे एका ठरावीक तऱ्हेचे फोन सुरू होतात. "मॅडम, अमेरिकेचा अर्ज १ नोव्हेंबरलाच गेला. आता नुसतं थांबायचंय. पण ती धड जेवत नाही, रात्री दोन-दोनपर्यंत जागी असते, बोर्डाचं पुस्तक उघडत नाही. निकाल लागेपर्यंत आम्ही करायचं तरी काय?" प्रश्न इतका सारखा असतो की एकदा सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. पुढची हकिकत दोन-तीन घरांची मिळून आहे, ओळखीच्या खुणा पुसल्या आहेत.

ज्यांच्या घरात हा प्रकार अजून आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतली नामांकित विद्यापीठं प्रवेशाची एक लवकरची फेरी घेतात. अर्ज साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला, उत्तर डिसेंबरच्या मध्याला. 'अर्ली डिसिजन' असेल तर ते बांधून घेणारं असतं. विद्यार्थी, पालक आणि शाळेचे समुपदेशक अशा तिघांच्या सह्या होतात, आणि प्रवेश मिळाला तर बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात. पुरेशी आर्थिक मदत मिळाली नाही, तर मात्र त्यातून सुटता येतं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड इथे असं बंधन नसतं, पण त्याच फेरीत दुसऱ्या खासगी विद्यापीठाकडे सहसा जाता येत नाही. थोडक्यात, मुलांनी आपला एकुलता एक पत्ता टाकलेला असतो. या फेरीत प्रवेशाचं प्रमाण जास्त असतं हे पालकांनी कुठेतरी वाचलेलं असतं. त्या आकड्यात खेळाडू म्हणून आधीच हेरलेली मुलं आणि माजी विद्यार्थ्यांची मुलंही असतात, हे सहसा वाचलेलं नसतं.

तर ही मुलगी. पुण्यातली, सीबीएसई बारावी, हुशार, आणि बोलताना सतत मोबाइल उलटा-सुलटा करणारी. पहिल्याच भेटीत तिने मला एक यादी दाखवली. मोबाइलवर दोन रकाने केले होते. डावीकडे चांगल्या खुणा: माजी विद्यार्थ्याने घेतलेली मुलाखत अर्ध्या तासाची ठरली होती, पन्नास मिनिटं चालली. आर्थिक मदत कार्यालयाने बाबांचा एक कागद पुन्हा मागितला. उजवीकडे वाईट खुणा: मुलाखतीनंतरच्या आभाराच्या मेलला उत्तर नाही. विद्यापीठाच्या पोर्टलचं, म्हणजे जिथे निकाल दिसतो ते पान दोनदा उघडलं नाही.

"या यादीवरून काय वाटतं?"

"रोज वेगळं वाटतं."

"मग ठेवतेस कशाला?"

"काहीतरी करतेय असं वाटतं ना."

अशा वेळी मोबाइल काढून घ्या असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. मोबाइल घेतला की यादी डोक्यात चालू होते, आणि तिथली आपल्याला वाचताही येत नाही. मी तिला फक्त एवढंच विचारलं की कागद पुन्हा मागितल्याने प्रवेश मिळालेलं एक तरी मूल तिला माहीत आहे का. ती हसली. यादी मात्र चालूच राहिली.

मी विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते, म्हणजे अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विचाराने. घटना आपल्याला जेवढी हलवते त्याहून जास्त त्या घटनेला आपण दिलेला अर्थ हलवतो, हे त्यातलं मूळ सूत्र. त्यामुळे माझा एक आवडता प्रश्न आहे: "बरं, मग पुढे?" भीतीचा हात धरून एकेक पायरी खाली उतरायचं. तिला विचारलं, समज नकार आला, मग पुढे? तिने धडाधड सांगितलं: चार वर्षांची मेहनत वाया, सल्लागाराची फी वाया, मैत्रिणी पुढे जाणार. सगळं खरं होतं, पण फार सफाईने आलं. पाठ केलेलं उत्तर इतक्या वर्षांनी मला ओळखू येतं. म्हणून पुढच्या भेटीत वाट बदलली.

"निकाल किती वाजता?"

"त्यांचे संध्याकाळचे सात. आपले पहाटेचे साडेपाच."

"त्या वेळची खोली मला दाखव. कोण कुठे बसलंय?"

इथे ती पहिल्यांदा सावकाश बोलली. बाबांनी सुट्टी टाकली आहे, ते लॅपटॉपसमोर. आई शेजारी. आजी आंघोळ करून देवापाशी दिवा लावून येणार. न्यू जर्सीचा मामा त्या दिवशी ऑफिसातून लवकर येऊन व्हिडिओ कॉलवर. आणि धाकटा भाऊ शूटिंग करणार, कारण त्याने यूट्यूबवर किंचाळणाऱ्या, उड्या मारणाऱ्या मुलांचे व्हिडिओ पाहिलेत. येलच्या होकारात तर बुलडॉग गाणंसुद्धा म्हणतो, ते त्याला पाठ आहे.

"आणि तू?"

बराच वेळ गेला. मग म्हणाली, "नाही झालं तर मला आधी सगळ्यांची समजूत काढावी लागेल. बाबांचा चेहरा बघावा लागेल. मामा म्हणेल, इट्स ओके बेटा. आजी विचारेल, म्हणजे नापास झालीस का गं? मला रडायचं असेल तर बाथरूममध्ये जावं लागेल."

हे ऐकलं आणि महिनाभराचा गुंता मला एकदम सरळ दिसला. विद्यापीठ काय म्हणेल याची धास्ती होतीच, पण झोप उडवली होती ती त्यानंतरच्या पाच मिनिटांनी. विद्यापीठाच्या उत्तरावर आपली काही सत्ता नाही. ती पाच मिनिटं मात्र पूर्णपणे घराच्या हातातली. नंतर आलेल्या मुलांनाही मी खोलीचाच प्रश्न विचारला, आणि बहुतेक वेळा भीती तिथेच बसलेली सापडली.

आई-बाबांना बोलावलं. बाबा दुखावले. "आम्ही तिच्या आनंदात सामील व्हायचं नाही का?" मी म्हटलं, जरूर व्हा, अर्ध्या तासाने व्हा, आनंद शिळा होत नाही. ताजं दुःख मात्र पाचजणांसमोर सांडलं की ते तिचं राहत नाही, घराचं होतं. मग कळलं की पोर्टलचा पासवर्ड बाबांकडेही आहे आणि तेही रात्री उठून बघतात. आई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "मला तर तिथे बसायचंच नव्हतं. मला बघवणारच नाही. पण नाही म्हटलं तर आईच कशी, असं झालं असतं."

त्या तासात तिघांनी मिळून ठरवलं. पासवर्ड बदलायचा, तो फक्त तिच्याकडे. गजर लावायचा नाही, नेहमीप्रमाणे उठल्यावर तिने एकटीने, दार लावून निकाल उघडायचा. ती बाहेर येईपर्यंत कोणी दार वाजवायचं नाही. व्हिडिओ कॉल रद्द, शूटिंग रद्द. मामासाठी होकार, नकार, टांगणी (म्हणजे निर्णय पुढे ढकलला) असे तीन निरोप आधीच लिहून ठेवायचे. हे तीन निरोप प्रत्येक मुलाने लिहावेत असं मी आग्रहाने सांगते. नकाराचं वाक्य शांतपणे बसून लिहिताना कळतं की ते वाईट आहे, पण लिहिता येतं.

दुसरं काम जास्त कंटाळवाणं होतं. बाकीच्या विद्यापीठांचे निबंध तिने हातातच घेतले नव्हते. "आत्ता लिहिले तर होणारं होणार नाही असं वाटतं." हा शकुन-अपशकुन फार मुलं पाळतात. पण नेहमीच्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी १ जानेवारीच्या आसपास असते. म्हणजे नकारानंतर हातात जेमतेम दोन आठवडे, त्यात प्रीबोर्ड. मी विचारलं, "रडत लिहायचेत की चिडत?" "चिडत," ती म्हणाली, आणि त्याच आठवड्यात बसली. हात कामाला लागले तशी ती यादीही मागे पडली.

निकाल आला तो 'डिफर्ड', म्हणजे अर्ज नेहमीच्या फेरीत ढकलला, उत्तर मार्चअखेर. ती सव्वा तासाने खोलीबाहेर आली, डोळे सुजलेले, आणि थेट पोहे मागितले. मामाला तिसरा निरोप गेला. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे एटीकेटी म्हण की!" घरात पहिलं हसू तेव्हा फुटलं, असं आईने मला फोनवर सांगितलं.

बाबांचा फोन दुपारी आला, आता पुढे काय म्हणून. ज्यांच्याकडे हे उत्तर येईल त्यांनाही तेच सांगते. डिफर झालं की अर्ली डिसिजनचं बंधन सुटतं, दुसरा होकार आला तर तो घेता येतो. विद्यापीठ परवानगी देत असेल तर एक पानाचं पत्र पाठवावं: अजून इच्छा आहे, आणि नोव्हेंबरनंतर नवीन काय केलं. जुन्या कर्तृत्वाची उजळणी नको. शाळेकडून सहामाहीचे गुण वेळेवर जातील एवढं बघावं. विद्यापीठाला रोज मेल करू नयेत, ओळखीपाळखी काढू नयेत. आणि मार्चच्या त्या तारखेला कोण कुठे बसणार, हे आत्ताच मुलाला विचारून ठेवावं.